वारेबाबांची जाळरेषा

वारेबाबा सकाळी चौकीच्या ओट्यावर उभे राहून सागाचं वाळकं पान तळहातात चुरगाळत आणि चुरा हळूच सोडून देत. तो कुठे जातो ते बघून "आज नाय" किंवा "चला" एवढंच बोलत. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. हरसूलकडच्या जंगलात ते रोजंदारीवर वनमजूर होते. नव्वदच्या दशकात मी नवा कोरा वनपाल म्हणून नाशिकहून तिथे गेलो, तेव्हा त्यांची निम्मी हयात त्या जंगलात गेली होती. माझ्याकडे गणवेश होता, शिट्टी होती आणि स्वतःबद्दल बराच गैरसमज होता.

होळीच्या आधी जंगलाच्या कडेने गवताचा लांब पट्टा आपणच जाळून मोकळा करायचा, म्हणजे पुढे वणवा आला तर तिथेच अडतो. ही जाळरेषा. काडी लावण्याआधी बाबा रिकामा डबा बडवत सगळा पट्टा चालून जात. "उठा रे, निघा बाहेर," असं सशांना, लाव्यांना बजावत. कुठे अंडी दिसली की तेवढी जागा सोडून रेषा वळवत. नकाशावर रेषा सरळ होती, म्हणून एकदा मी रागावलो.

"साहेब, नकाशात अंडी नाय दिसत," ते म्हणाले. मला रागही आला आणि हसूही आलं.

रेषेच्या आत एका उतारावर त्यांनी सात वर्षं ऐन-खैराची रोपं राखली होती. गुराख्यांशी ते भांडत नसत. त्यांच्याबरोबर तंबाखू मळत बसत आणि बोलता बोलता गुरं दुसरीकडे काढत. "तिकडं नको रे, पोरं हायेत तिथं," म्हणत. पोरं म्हणजे ती रोपं. स्वतःच्या पोरांबद्दलही ते इतकं बोलत नसत.

त्या वर्षी एका मंगळवारी चुरा सरळ पायाशी पडला. "चला साहेब, आजच काढू," बाबा म्हणाले. मी नाही म्हटलं. शुक्रवारी वरचे साहेब पाहणीला येणार होते आणि त्यांच्यासमोर काम करून दाखवायची मला हौस होती.

"तवर वारा असा राहायचा नाय, साहेब."

मी आवाज चढवला. त्यांनी डबा परत चौकीत नेऊन ठेवला.

गुरुवारी दुपारी खालच्या शेतात कोणीतरी भाताच्या रोपांसाठी राब भाजत होतं, म्हणजे जमिनीवर पालापाचोळा पसरून पेटवत होतं. ठिणगी वाऱ्याबरोबर वर आली आणि अडवायला रेषाच नव्हती. बाबा हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत राहिले. त्यांच्या भुवया जळाल्या, हात भाजले. संध्याकाळी ते काळ्या उतारावर बसून एकेक रोप नखाने खरवडत होते, आत कुठे हिरवं आहे का बघायला. मला त्यांच्याजवळ जाववलं नाही.

अहवाल मला लिहायचा होता. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. मी लिहिलं, सूचना देऊनही मजुराने रेषा वेळेत काढली नाही.

"काय लिवलंय, साहेब?"

"आग लागली, एवढंच."

त्यांच्या डाव्या अंगठ्याला फोड आला होता. मी अहवालाखाली उजव्याचा ठसा घेतला. इतका नीचपणा मी पुन्हा कधी केला नाही, असं म्हणायला आवडलं असतं.

दोन हजारनंतर मी बदलून नाशिकला आलो होतो. जुने रोजंदारी मजूर कायम होऊ लागले, तेव्हा एक दिवस बाबा एसटीने माझ्या घरी आले. हातात एक पत्र होतं. बरोबरीचे सगळे कायम झाले होते, त्यांचंच नाव राहिलं होतं. वाचणारे गावातही होते. "पण तुम्ही आपले, तुम्ही नीट सांगाल," म्हणाले. पत्रात नकाराचं कारण होतं, माझ्याच अहवालातलं वाक्य, जसंच्या तसं. मी ते दोनदा मनात वाचलं.

"वय जास्त झालं म्हणतात, बाबा."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "मंग ठीक. मला वाटलं, माझ्या हातून कायतरी चुकलं."

बशीत ओतून चहा प्यायले, माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुपारच्या गाडीने परत गेले.

दोन वर्षांनी ते वारल्याचं कळलं. मला आधी हायसं वाटलं. रडू त्यानंतर आलं.