दोन डाव्या बाह्या

मास्तरांना बघूनच गिऱ्हाईक निम्मं गारद व्हायचं. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि माप घेताना डोळे अर्धवट मिटून "हं, डावा खांदा जरा उतरता आहे तुमचा" म्हणायची ढब. पाटीवर ठळक अक्षरांत 'कोट स्पेशालिस्ट'. पण कोट बेतायची त्यांची बायको, पडद्यामागे. बावीस वर्षांत मास्तरांनी मापं घेतली, शिलाई मारली, काजं केली. कोटाच्या कापडाला कात्री म्हणून लावली नाही. हे त्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग ती मोरीत घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरात गेला.

त्याच आठवड्यात निवृत्त पोस्टमन आले, काखेत राखाडी कापड घेऊन. "आमच्या हिनं जायच्या आधी घेऊन ठेवलेलं. नातीच्या लग्नात याचाच कोट घाला म्हणाली होती." आणि स्टुलावर ठाण मांडून बसले. "आज तुमचा हात बघणार, मास्तर. घरी तरी कोण वाट बघतंय?"

नंतर या म्हणायला मास्तरांची जीभ रेटेना. त्यांनी ऐटीत कापड पसरलं. आधी बाह्या घेऊ, त्या सोप्या, असं मनाशी ठरवलं.

पडद्यामागून हळूच आवाज आला, "अहो, कापड दुमडून दुहेरी घेतलंत ना?"

"तुला काय कळतंय त्यातलं? गुपचूप चहा टाक!" मास्तर खेकसले. मग पोस्टमनकडे बघून हसले. "मध्ये तोंड घातल्याशिवाय करमत नाही हिला."

आत चहाचं भांडं वाजलं.

त्यांनी एकेरी कापडावरच बाहीच्या मापाचा कागद ठेवून एक बाही कापली. कागद न उलटता तसाच पुढे सरकवून दुसरी. दोन्ही शेजारी ठेवल्या. दोन्ही डाव्याच. एक पालथी करून पाहिली, तर कापडाची खरखरीत उलटी बाजू वर. उरलेल्यात कोटाचं धड कसंबसं बसलं असतं, तिसरी बाही नाही.

"काय झालं हो?" पोस्टमननी विचारलं.

'कापड आखूड आणलंत' असं ओठांवर आलं होतं. पण कापड कुणी घेतलं होतं ते आठवलं आणि मास्तरांना स्वतःचीच किळस आली. "काका, मी वाट लावली. मला कोट कापता येत नाही. आजवरचे सगळे कोट हिनं कापलेत."

पोस्टमन कापडावरून नुसता हात फिरवत राहिले. मग पडद्याकडे वळून म्हणाले, "ताई, यातून काही होईल का?"

ती बाहेर आली. डाव्या हातानं कापड उचलून उजेडात धरलं. "बिनबाह्यांचं जाकीट होईल. कोट नाही होणार."

"जाकीट तर जाकीट. पण ताई, इतक्या वर्षांत एकदाही बाहेर कशा आला नाहीत?"

तिनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खाली वाकून चिंध्या गोळा करू लागले. चारच होत्या, पण त्यांना फार वेळ लागला.