धोंड्याच्या महिन्यातली वही

सत्तेचाळीस साली धोंड्याच्या महिन्यात कॉलेज बंद पडलं, म्हणून ताडकळसच्या सांबप्पा कापडवाल्याचा भीमाशंकर हैदराबादहून घरी आला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला त्यानं समाजशास्त्र घेतलं होतं. परीक्षेसाठी गावातल्या साठ घरांची पाहणी लिहून द्यायची होती, तीही उर्दूत. तिथं सगळं शिक्षणच उर्दूत. घरात माणसं किती, वय काय, लग्न झालं का, बाहेरगावी कोण, कुठं. पंधरा-वीस दिवस ओट्या-ओट्यावर बसून त्यानं वही भरत आणली.

अकरा घरांत मात्र जवान पोरगा ‘घरी नाही’, आणि ‘कुठं’ हा रकाना कोरा. लिंबाजीची आई धुरपताबाई म्हणाली होती, “लिंबाजी गेलाय. कुठं, ते इचारू नको, भीमाप्पा.” त्यानं विचारलं नाही. निजामाविरुद्ध उठलेली पोरं हद्द ओलांडून वऱ्हाडात चालली होती, हे त्यालाही ठाऊक होतं.

एका दुपारी तो जेवत असताना जमादार दारात आला. “फौजदारसाहेब चावडीत बसलेत. तुमची वही बघायची म्हंतेत. जेवा सावकाश, मी बसतो ओट्यावर.”

वही लपवावी तर संशय, द्यावी तर त्या अकरा कोऱ्या जागा आपण होऊन बोलणार. आई, गौराबाई, जावयासाठी पुरणाचे धोंडे तळत होती. झाऱ्यावरची नजर न काढता ती हळूच म्हणाली, “ह्या महिन्यात जावई सासरवाडीलाच असत्यात की.”

त्यानं खरकट्या हातानंच दौत ओढली आणि अकराही ठिकाणी एका दमात लिहिलं: धोंड्यासाठी सासरवाडीला.

चावडीत फौजदार पानं उलटत गेला. मग एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

“लिंबाजी. वय एकोणीस. लग्न नाही.” त्यानं वर पाहिलं. “मग याला धोंडे कोण खाऊ घालतंय?”

जमादार हसला. भीमाशंकरला कळलं, हा एक धागा ओढला की बाकीचे दहाही उसवणार.

“साहेब, सगळी वहीच खोटी हाय,” तो म्हणाला. “घरोघर कोन फिरतं? लोकांचा चहा पिलो, गप्पा हाणल्या, अन् दुकानात बसून मनानंच भरली.”

“असं? पहिल्या घरात माणसं किती?”

सात. आंधळी आजी धरून सात. त्याला साठही घरं तोंडपाठ होती.

“नऊ असत्याल,” तो म्हणाला.

फौजदारानं पहिलं पान काढून बघितलं. तिथं सात होते. “हैदराबादला हेच शिकवतात का?” म्हणत त्यानं वही पुढं सरकवली. “फाड. माझ्यासमोर.”

भीमाशंकरनं फाडली. आंधळ्या आजीचं पान आधी.

दुसरी पाहणी करायला ना वेळ राहिला, ना फौजदाराच्या नजरेखाली कुणाच्या दारात जायची सोय. परीक्षा हुकली ती हुकलीच. तो बापाच्या गादीवर बसला.

निजामी संपल्यावर लिंबाजी लग्नाचं कापड घ्यायला आला. “भीमाप्पा, तुमच्या वहीत मला आधीच सासरवाडी हुती म्हनं.”

“हुती एक दुपार,” भीमाशंकर कापड मोजायचा गज उचलत म्हणाला. “बोल, घरात मानसं किती?”