दुसऱ्या सहीची जागा

सकाळचं भाकरीचं पीठ मळत होते तेव्हा लातूरहून नीलूचा फोन आला. नीलू म्हणजे माझी भाची, माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची, एकुलती एक लेक. "आत्या, अप्पा गेले," एवढंच म्हणाली. पीठ तसंच परातीत टाकून मी अहमदपूरच्या स्टँडवर आले. गाडीची वाट बघत उभी होते, डोळ्यांना धड दिसत नव्हतं, तेवढ्यात दुसरा फोन. आमचा चुलत भाऊ मल्लाप्पा. लातुरात अडत दुकान, गावाकडं ऊस, आणि समाजाच्या दर मंडळात नाव. म्हणाला, "सुमे, पेपरात द्यायचा मजकूर लिवलाय, ऐक. धर्मपरायण, सुस्वभावी, जन्मभर निर्व्यसनी… बराबर हाय न्हवं?" मी हाव म्हणाले. भावाचा देह घरात, आणि मी काय स्टँडवर उभी राहून शब्द तपासत बसणार होते? तिसऱ्या दिवशी ते जसंच्या तसं छापून आलं. खाली नीलूचं नाव आणि पुढं 'पुण्यात खाजगी नोकरी'.

आता महिना उलटून गेला. ज्या पेपरात ते छापलं त्याच्याच पुरवणीत मी हे लिहून राहिले आहे, आणि मुद्दाम लिहून राहिले आहे. धर्मपरायण होता, कबूल. सुस्वभावी? छे! लई तिरसट होता. आणि माझा भाऊ शेवटची आठ-नऊ वर्षं बिअर चाखत होता. लपून नव्हे. दिवसाउजेडी, टेबलावर, काचेच्या पेल्यात ओतून. दर बाटलीला दहापैकी मार्क देत होता. ती बिअर त्याची लेक बनवते, हीच ती खाजगी नोकरी. ज्यांना बोटं मोडायची असतील त्यांनी खुशाल मोडावीत. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, बोटं मोडणारे पुष्कळ पाहिले.

अण्णाची जीभ ही आमच्या घरात लहानपणापासूनची गोष्ट. मुरुडजवळचं आमचं गाव. मोठा दुष्काळ पडला तेव्हा तो असेल पंधराचा, मी अकराची. आई तीन ठिकाणांहून पाणी आणायची. जिथं मिळेल तिथून, जेवढं मिळेल तेवढं. अण्णा एक घोट तोंडात घ्यायचा, गालात फिरवायचा आणि सांगायचा, हे माळावरच्या विहिरीचं, हे ओढ्यातल्या झिऱ्याचं. मग मला डोळे मिटायला लावून दोन तांबे पुढं करायचा. "सांग सुमे, कंचं कुठलं?" मी चुकले की टपली, बरोबर आलं की गुळाचा खडा. मचूळ, खारं, जड, गोडं… पाण्याला इतकी नावं असतात हे मला पुस्तकात नाही, त्या तांब्यांत कळलं. आई वैतागायची. "प्यायला न्हाई आन ह्यांचा खेळ बघा!" पण भाकरीला कुठलं पाणी घ्यायचं हे शेवटी त्यालाच विचारायची.

पुढं लातूर जिल्हा झाला. काल उस्मानाबादच्या नावाची पाटी होती तिथं आज नव्या रंगाची पाटी, आणि तिच्यामागं नवी कचेरी, नवी भरती. भाड्याच्या दोन खोल्यांत पाणी तपासायची प्रयोगशाळा उघडली आणि बी.एस्सी. झालेला अण्णा तिथं चिकटला. गावोगावच्या विहिरींचं, हातपंपांचं पाणी बाटल्यांतून यायचं. हा गडी आधी चाखायचा आणि बाटलीवरच्या पट्टीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आपला अंदाज लिहायचा. मग रीतसर तपासणी. बहुतेक वेळा आकडा जवळपासच निघायचा. साहेब चिडायचे, म्हणायचे जीभ हे सरकारी उपकरण नाही. एकदा त्याला चांगली सणसणीत कावीळ झाली तेव्हा साहेबांना लई आनंद झाला असणार. सुधारला का? नाही. उकळून, गार करून चाखायला लागला. वर सांगायचा, "फ्लोराईडला चव नसते सुमे, त्यो खरा चोर. त्याला जीभ न्हाई पकडू शकत. म्हणून मशीन पायजे. बाकीच्यांना मी बघून घेतो."

त्या प्रयोगशाळेतला एक नियम मात्र त्याने जन्मभर पाळला. एकानं आकडा काढला की तो पेन्सिलीनं लिहायचा. दुसऱ्यानं तेच पाणी पुन्हा तपासायचं, पटलं तर आकडा शाईनं गिरवायचा आणि खाली सही करायची. पट्टीवर दोन रेघा छापलेल्या असायच्या, वरच्या रेघेवर तपासणाऱ्याची सही, खालच्या रेघेवर पडताळणाऱ्याची. दुसरी सही नाही तोवर आकडा कच्चा. अण्णाने हा नियम घरातसुद्धा आणला. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडं सगळी दुनिया शेतात जेवायला जाते. भज्जी, बाजरीचे उंडे आणि मातीच्या बिंदगीतली आंबट आंबील. अण्णा कडब्याच्या या कोपीतून त्या कोपीत फिरून घरोघरची आंबील चाखायचा आणि मार्क द्यायचा. मागं दुसरी सही करायला मी. त्याला लांबून येताना बघितलं की बायका बिंदगीवर पदर टाकायच्या. मल्लाप्पाच्या बायकोच्या आंबिलीला एकदा चार मिळाले, मी पडताळून चारच कायम केले, त्या वहिनी दोन वर्षं आमच्याशी बोलल्या नाहीत.

नीलू जन्मली ती ही जीभ घेऊनच. तिची आई लवकर गेली, बापलेक दोघंच. लातुरात हुशार पोरगी म्हटलं की डॉक्टरच व्हायची, दुसरा धंदाच नाही. हिने सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, पुण्याला गेली, आणि दोन वर्षांनी कळलं की एका छोट्या कारखान्यात बिअर बनवते. घरात जणू साप निघाला. ठरत आलेली सोयरीक मोडली. मल्लाप्पा स्वतः आला, म्हणाला पोरीला परत बोलाव, न्हाईतर समाजात तोंड दाखवायची सोय न्हाई. आणि मी? मी पण म्हणाले, अण्णा, आपण लिंगायत, आपल्या घरात हे शोभतं का? लिहायला लाज वाटते, पण म्हणाले. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन अण्णाने दारू पिण्याचा रीतसर परवाना काढला. सरकारी माणूस तो, बिनपरवाना थेंब घेणार नाही. तिथल्या कारकुनानं कारण विचारलं, तर म्हणतो कसा, "लिहा, मुलीच्या कामाची तपासणी." कारकुनानं हसून 'आरोग्यासाठी' असं लिहिलं.

परवाना खिशात घालून तो पुण्याला गेला, तिथं नीलूने त्याच्यासमोर आठ छोटे पेले मांडले. हे मला तिने सांगितलं. अण्णाने खिशातून रुमाल काढला, रुमालात कडक भाकरीचा पापुद्रा. एक घोट, मग पापुद्र्याचा तुकडा, मग साधं पाणी, मग पुढचा पेला. गव्हाच्या बिअरीला म्हणाला, "पिकलेलं केळं आन लवंग. केळं तू घातलंस?" नीलू म्हणाली, नाही अप्पा, ते यीस्ट करतं. त्याला केवढं नवल वाटलं! काळ्या स्टाऊट बिअरीला म्हणाला, भाकरीची करपलेली कड, मागून कोरा चहा. कडू आयपीए बिअरीला बराच वेळ गालात धरून ठेवलं, म्हणाला कडूपणा कडूलिंबाच्या फुलाचा हाय, पण पाणी जड घेतलंस, म्हणून जिभेला खरवडतंय. आंबट बिअर तोंडात घेतली आणि मोठ्यांदा हसला. "ही तर आपली येळवशीची आंबील, इंग्रजी शाळेत गेलेली!" मार्क? गव्हाचीला सहा, स्टाऊटला साडेपाच, कडूला चार. पोरगी रडकुंडीला आली. पण पाणी तपासून बघितलं तर खरंच जड निघालं.

मग ते सुरूच झालं. नीलू महिन्या-दोन महिन्यांनी लातूरला यायची, बर्फाच्या डब्यात बाटल्या. अण्णा तशाच जुन्या पट्ट्या कापायचा, दोन रेघा मारायचा, बाटलीला चिकटवायचा. मार्क पेन्सिलीनं, वरच्या रेघेवर स्वतःची सही. आणि खालची रेघ… ती माझी होती. दर वेळी मला म्हणायचा, "सुमे, चाख की एकदा. आकडा कच्चा राहतोय." मी म्हणायचे, शिवशिव, गळ्यात लिंग आहे माझ्या. एकदा भडकला. "लिंग माझ्याबी गळ्यात हाय. मल्लाप्पाच्याबी हाय. लोकांचा माल मोजताना काटा मारतो तवा त्यो काढून ठेवतो काय?" तरी मी सही केली नाही. रिकाम्या बाटल्या फळीवर रांगेनं लागत गेल्या, पेन्सिलीचे आकडे घेऊन.

आणि मग तो उन्हाळा, लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. गल्लीत टँकर यायचा तो आठ-आठ दिवसांनी, आणि आला की भांडणं. अण्णा निवृत्त झालेला, तरी टँकरच्या तोटीशी उभा, पहिला घोट त्याचा. "हे प्यायचं, हे फक्त वापरायचं," असं ओरडून सांगायचा आणि अख्खी गल्ली ऐकायची. त्याच दिवसांत नीलू डबा घेऊन आली. मल्लाप्पा दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "हितं माणसं पाण्यावाचून मरून राहिलीत, आन हिची मजा बघा. पाण्याची दारू करून राहिली!" अण्णा शांतपणे म्हणाला, "तिला काय इचारायचं ते मी इचारतो. तू सांग, तुझा ऊस किती एकर? त्यो काय दवावर वाढतो?" गल्ली हसली. मल्लाप्पा गेला तो पुढं वर्षभर फिरकला नाही.

पण दार लावून अण्णा लेकीकडं वळला तेव्हा हसत नव्हता. "आता मला सांग. एक घागर बिअरीला किती घागरी पाणी लागतं?" ती खाली मान घालून म्हणाली, पाच-सहा. धुण्यातच जास्त जातं, अप्पा. अण्णाने बाटल्यांकडं बघितलंसुद्धा नाही. "परत ने. आकडा कमी करून ये, मग चाखीन." मी तिथंच होते. एवढी लांबून आलेली पोर, तिला पाणीही पुरतं विचारलं नव्हतं आम्ही, आणि हा असा! मी म्हणाले, अण्णा, जरा तरी माया ठेव. तर म्हणाला, "माया हाय म्हणून तर. लोकांनी तिला दारूवाली म्हणलं तर मला फिकीर न्हाई. पाणीखाऊ म्हणलं आन ते खरं निघालं, तर मला मान वर करता येणार न्हाई."

दीड-दोन वर्षं त्याने थेंब चाखला नाही. नीलू भांडी धुतलेलं पाणी गाळून पुन्हा वापरायला शिकली, मालकाशी भांडली, पाच-सहाचे साडेतीनवर आणले, तेव्हा अण्णा पुन्हा चाखायला लागला. मग तिला एक वेड सुचलं. बिअरीचा जव येतो लांबून, आपल्या मातीत पाटाच्या पाण्यावाचून येते ती मालदांडी ज्वारी. त्या ज्वारीची बिअर. मोड काढ, वाळव, भाज, फसली की ओतून दे, पुन्हा. किती वेळा फसली हे तिने बापालाही सांगितलं नाही. तोवर अण्णा खाटेला लागला होता, पण जीभ शाबूत. आमची शेवटची भेट ती. दुपारची वेळ, उशाशी काचेचा पेला, फिकट सोनेरी रंग. अण्णाने घोट घेतला, डोळे मिटले. मग म्हणाला, "हुरड्याच्या कणसाची गोडी हाय. शेवटाला जरा आंबील हाय. पाणी कुठं लागत न्हाई." पेन्सिल मागितली आणि साडेआठ लिहिले. सातच्या वर तो कधी गेला नव्हता. नीलू म्हणाली, अप्पा, अन् दीड मार्क? "फेस लवकर बसतो." मग माझ्याकडं पट्टी सरकवली. खालची रेघ दाखवली. आणि मी म्हणाले, पुढच्या वेळी, अण्णा.

पुढची वेळ आली नाही. हे माझ्या जिवाला लागून राहिलं आहे आणि राहीलच. माझा भाऊ आठ-नऊ वर्षं माझ्याकडं एक सही मागत होता, आणि मी लोकांच्या तोंडाकडं बघत बसले.

परवा घर आवरायला म्हणून मल्लाप्पा दोन माणसं घेऊन आला. फळीवरच्या बाटल्या पोत्यात भरा म्हणाला, भेटायला येणाऱ्यांना बरं दिसत न्हाई. मी आडवी उभी राहिले. म्हणाले, मल्लाप्पा, बाटलीला हात लावलास तर तुझ्या बायकोच्या आंबिलीचे मार्क मी पुरवणीत छापीन. गेला बिचारा. मग मी नीलूला त्याच ज्वारीच्या बिअरीची बाटली घेऊन बोलावलं. मी आधीच एक दिवसाचा परवाना काढून आणला होता, शेवटी अण्णाची बहीण आहे. दुपारी त्याच्याच टेबलाशी बसलो. ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा, तांब्यात पाणी, त्याचा काचेचा पेला. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा तो घोट मी तोंडात घेतला, गालात फिरवला, डोळे मिटले. हुरडा होता. शेवटाला आंबील होती. पाणी गोडं होतं. नीलू माझ्या तोंडाकडं बघत होती, तिला वाटलं आत्या आता नऊ देईल, दहा देईल. मी पेल्याकडं बघत बसले, फेस किती टिकतो ते. लवकरच बसला.

"साडेआठच," मी म्हणाले. नीलू हसली आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडली.

फळीवर अजून चाळीसेक पट्ट्या आहेत, खालची रेघ रिकामी असलेल्या. त्या बिअरी आता पुन्हा मिळायच्या नाहीत, ते आकडे कायम कच्चेच. मी त्या तशाच ठेवल्या आहेत, दारातून येणाऱ्याला सरळ दिसतील अशा. फक्त त्या एका पट्टीवर मी शाईच्या पेनाने साडेआठ नीट गिरवला, आणि अण्णाच्या नावाखाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली.