दोन मुळांचं ऑर्किड

खोका उघडला आणि आधी वास आला. फुलाचा नव्हे, तुंबलेल्या मोरीचा. मोबाइलवरच्या फोटोत जांभळ्या फुलांचा घोस होता. खोक्यात निघाली तीन लोंबती पानं, आणि एका प्लॅस्टिकच्या कुंडीत पिळलं तर कपभर पाणी निघेल इतकं ओलं शेवाळ. खोक्यावर 'ही बाजू वर' सांगणारा बाण होता, तो खाली बघत होता. बाण पाहूनच माझं डोकं फिरलं.

मी विकणाऱ्याला तिथल्या तिथे फोटो पाठवले. उत्तर आलं, "मॅम, पत्ते ग्रीन हैं. प्लांट अलाइव्ह है. रिप्लेसमेंट नहीं होगा." मग मी शेवाळ सोडवून मुळांचे फोटो पाठवले. मूळ चिमटीत धरलं की वरची साल भिजवलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी सुटून हातात येत होती आणि आत नुसता दोरा उरत होता. उत्तर तेच. पत्ते ग्रीन हैं.

"ग्रीन हैं म्हणे! आता जगवूनच दाखवते!" मी हॉलमध्ये उभी राहून ओरडले.

"कोणाला दाखवणार?" नवरा सोफ्यावरून म्हणाला. "तो तर पहिल्यापासून तेच म्हणतोय, जिवंत आहे."

मला अजून राग आला. खरं सांगायचं तर मला स्वतःलाच दाखवायचं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा आमच्या जेसल पार्कच्या घराची खिडकी म्हणजे छोटी बागच होती. ग्रिलमध्ये मोगरा, गोकर्ण, सदाफुली, गवती चहा, सगळं त्यांच्या हातचं. मी मीरा रोडच्या ऑफिसला जाऊन-येऊन ते सांभाळलं आणि वर्षभरात एकेक करून सगळं वाळलं. राहिली फक्त तुळस, आणि तिचं पाणी सासरे बघायचे. माझ्या हाताला गुण नाही, हे कोणी बोललं नाही. सासरे तर नाहीच बोलले. त्यांनी रिकाम्या कुंड्या धुतल्या, एकात एक घालून ग्रिलच्या कोपऱ्यात ठेवल्या, आणि दोन वर्षं रोज चहा पिताना मी त्या कुंड्या बघत होते. ऑर्किड मी त्या कोपऱ्यासाठी मागवलं होतं.

रविवार होता. मी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, दुधाच्या पिशव्या कापायची कात्री गॅसवर धरून तापवली आणि कुजलेली मुळं कापायला घेतली. काय मजा आली म्हणून सांगू! एकेक मूळ बोटांनी दाबायचं, मऊ लागलं की कापायचं. सासरे शेजारी येऊन उभे राहिले. शेवटी दोन मुळं उरली. करंगळीएवढी, पण कडक! मी ती सासऱ्यांच्या हातात देऊन दाबायला लावली.

"घट्ट आहेत गं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मोबाइलवर वाचलं होतं की कापल्या जागी दालचिनीची पूड लावायची. डब्यातली दालचिनी कुटली. घरभर बिर्याणीचा वास सुटला आणि नवरा आशेने आत येऊन गेला. मग कोळसा हवा होता. मी पायात चपला घालून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या इस्त्रीवाल्याकडे पळाले.

"भैया, थोडा कोयला दो ना."

"शिगडी के लिए?"

"नहीं, फूल के लिए."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि दोन मुठी कोळसा कागदात बांधून दिला. बहुतेक वाद नको म्हणून.

घरी येते तर सासऱ्यांनी देवापुढच्या नारळाची शेंडी सोलून, तिचे तंतू मोकळे करून ताटलीत ठेवले होते. "माती घालू नकोस," ते म्हणाले. "आमच्याकडे रत्नागिरीला आंब्याच्या खोडावर अशीच एक वेल यायची, सीतेची वेणी म्हणतात तिला. तिला कोण माती घालतं? झाडाला धरून वाऱ्यावर जगते ती." कोथिंबीर निथळायची जाळीची टोपली मी रिकामी केली. कोळसा, तंतू, मध्ये ऑर्किड. दोन मुळांवर तीन पानं तोलून बसली. मला इतका आनंद झाला की मी त्या टोपलीचे अकरा फोटो काढले.

त्या दिवसापासून मी उठले की तोंड धुवायच्या आधी खिडकीशी. चार दिवसांनी एकदा पाणी, तेही अगदी थोडं. ऑफिसमधून फोन करून "पानं उभी आहेत ना?" विचारायचे. सासरे प्रत्येक वेळी उठून बघून यायचे आणि सांगायचे, "कालच्यापेक्षा बरी आहेत." काल त्यांनी हेच सांगितलेलं असायचं.

दहाव्या दिवशी एक मूळ तपकिरी दिसलं. चिमटीत धरलं तर मऊ! तंतू बघितले, ओले गच्च. मी तर तीन दिवसांत पाण्याचा थेंब घातला नव्हता. टोपली उचलून उजेडात नेली तेव्हा कोळशांच्या मध्ये कुंकू लावलेले दोन तांदूळ दिसले. अक्षता. आणि एक तुळशीचं पान.

आमच्याकडे रोज सकाळी सासरे देवांना ताम्हणात आंघोळ घालतात. ते पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही, कोणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही, झाडालाच घालायचं. सासूबाईंच्या वेळी त्या पाण्याला सात-आठ कुंड्या होत्या. आता एकटी तुळस होती, तिला लोटीभर पुरायचं, आणि उरलेलं पाणी...

"बाबा, तुम्ही याला पाणी घालताय?"

"पाणी नाही गं, देवांचं तीर्थ," ते देवघरातून म्हणाले. "थोडंसंच घालतो. तुळस त्याच्यावरच जगली ना? म्हटलं, हेही जगेल."

"जगेल? कुजलं हे! तुमच्या देवांनीच मारलं याला!"

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी आवाज चढवून बोलले नव्हते. त्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि खाली बाकावर जाऊन बसले. नवरा आतून आला आणि एवढंच म्हणाला, "देवांना कशाला मध्ये आणलंस?"

मी कात्री तापवली आणि ते मूळ कापलं. आता एकच मूळ राहिलं. ऑर्किडचं वाईट वाटत होतं की सासऱ्यांचं, ते मला कळेना. जेवताना ते नेहमीसारखे बोलले, भाजीला मीठ बरोबर आहे म्हणाले. माफी मागायची तर सुरुवात कुठून करायची ते सुचेना, आणि मग दिवस गेले. ऑफिसमधून फोन केला की अजूनही उठून बघून यायचे. फक्त सकाळी पूजा झाल्यावर ते खिडकीकडे फिरकत नव्हते, एवढं माझ्या लक्षात आलं. पाणी कुठे जातं ते मी विचारलं नाही. मला तोंड नव्हतं.

तीनेक आठवड्यांनी एका सकाळी दात घासत खिडकीशी गेले आणि थांबले. सगळ्यात खालच्या पानाच्या बुडाशी एक हिरवा ठिपका होता. तांदळाच्या दाण्याएवढा, टोकाला चकचकीत. आदल्या दिवशी नव्हता. शपथेवर सांगते, नव्हता! मूळ! नवं मूळ!

"बाबा!" तोंडात फेस असतानाच मी किंचाळले. "बाबा, या! लवकर या!"

ते देवघरातून काठीशिवायच धावत आले. त्यांच्या एका हातात पितळेचा बाळकृष्ण होता आणि दुसऱ्या हातात ओलं फडकं.

"काय झालं? पडलं का?"

मी बोट दाखवलं. ते मनगटाने चष्मा कपाळावर सारून इतके जवळ वाकले की नाक पानाला लागलं. "आलं!" ते म्हणाले. "अगं, आलं हे!" आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तर हातात फडकं. तेव्हा मी त्या फडक्याकडे बघितलं. मग देवघरात डोकावले. ताम्हण कोरडं ठणठणीत होतं. पाटावर देव ओळीने पुसून ठेवले होते.

"आंघोळ नाही घातली?"

"पुसतो हल्ली," ते म्हणाले. "त्या दिवसापासून. पाणी उरलं की माझा हात आपोआप खिडकीकडे जातो गं. सवयच आहे. मग म्हटलं, उरूच द्यायला नको."

माझ्या सासऱ्यांनी तापात असतानाही देवांची आंघोळ चुकवलेली मी पाहिली नव्हती. सासूबाई गेल्या त्या सुतकाचे दिवस सोडले तर एकही दिवस नाही. आणि माझ्या एका मुळासाठी ते तीन आठवडे देवांना ओल्या फडक्याने पुसत होते. मला रडूच आलं. टूथपेस्टच्या फेसासकट मी त्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, "चुकलं माझं. मी काय बोलून गेले त्या दिवशी."

"झाड महत्त्वाचं," ते म्हणाले. "आधी चूळ भर."

मग त्यांनी हातातला बाळकृष्ण ग्रिलजवळ नेला, त्याचं तोंड टोपलीकडे वळवलं आणि त्यालाही ते मूळ नीट दाखवलं.

आता रोज सकाळी देवांना पुन्हा आंघोळ असते. तुळशीला देऊन उरलेलं पाणी मी लोटीत घेते, तीन जिने उतरते आणि सोसायटीच्या भिंतीलगतच्या नारळाला घालते. मग वर येऊन ऑफिसची तयारी करते. ऑर्किडला अजून फूल नाही, पण मुळं चार झाली आहेत. परवा बघितलं तर कोपऱ्यातल्या कुंड्यांमधली सगळ्यात वरची कुंडी सासऱ्यांनी काढून, पुसून, ऑर्किडच्या शेजारी मांडून ठेवली होती.