मंगल काय म्हणत होती

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशीही नाही. आज का सांगतेय? मन हलकं करायला म्हणाल तर — तसंही नाही. दमलेय मी, एवढंच.

मंगल माझी चुलतबहीण. लहानपणी मेंदूज्वर झाला आणि तिचं ऐकणं गेलं. सोबत तोलही गेला, पण ते फक्त मला ठाऊक होतं. उजेडात ती लई पळायची, आमच्या महाळुंग्यातली पोरंसुद्धा मागं पडायची. अंधारात मात्र पाय लटपटायचे — तोल सगळा डोळ्यांवर होता ना तिचा. म्हणून पहाटे कालव्यावर सरावाला निघालो की ती माझ्या ओढणीचं टोक धरायची. फटफटलं की सोडून द्यायची. मग मला नुसती तिची पाठ दिसायची. रोज. तुम्हाला कधी कुणाच्या पाठीचा राग आलाय?

तालुक्याच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला शाळेतून एकच मुलगी जायची होती. नाव मंगलचं लागलं. त्याच आठवड्यात, अंधार असताना, तिनं टोक धरलं आणि मी — मी हिसका दिला. मुद्दाम. ती भरावावरून खाली दगडांवर गेली. गुडघा फुटला.

घरी तिनं रडत रडत सगळं सांगितलं, खुणांनी. पण तिच्या खुणा घरात कळायच्या त्या मला एकटीलाच. ती सारखी माझ्याकडं बोट दाखवत होती, आणि घरच्यांना वाटलं, हिला विचारा म्हणतेय.

"काय म्हणती गं?" चुलत्यांनी विचारलं.

"मागनं मोटरसायकल आली, हॉर्न ऐकू आला न्हाई म्हणती."

कुठली मोटरसायकल? रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. पण बहिरीच ती, सगळ्यांना लगेच पटलं. गुडघा बरा झाला, पळणं बंद झालं ते झालंच. तिच्या जागी मी गेले आणि अर्ध्यात दम लागून बसले.

आता ती वारूळवाडीला असते, टोमॅटो निवडायला जाते. दिवाळीला गेले की चहा देते.

मंगलला ओठ वाचता येतात. मी मोटरसायकल म्हणाले तेव्हा ती माझ्या तोंडाकडंच बघत होती. तिचे हात थांबले. त्यानंतर तिनं माझ्याशी एकही खूण केली नाही — आणि त्या घरात तिच्याशी बोलणारं दुसरं कुणीच नव्हतं.