काकांची चार बटणं

“माणसाला चार बटणं बास,” असं म्हणत आमचे काका चष्मा कपाळावर सरकवायचे. पुढची मागणी मग कोणी तोंडातून काढत नसे.

असा एखादा हट्टी माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. लासूर स्टेशनहून रोज गाडीनं येणारे काका गारखेड्यातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सगळ्यांत जुने. काळ्या पडद्यावर लांबलचक आज्ञा टाइप केल्याशिवाय न हलणारी जुनी साधनं असतात ना, फोटो लहान करणारी, फायली जोडणारी? त्यांच्यावर पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून सोपं आवरण चढवायचं, आमच्या भाषेत रॅपर लिहायचा, हे त्यांचं काम. साधनाला पन्नास करामती येत असल्या तरी काका त्यातल्या चारच आमच्या हाती देत. “बाकीचं कशाला लागतंय? डोक्याला ताप नुसता!” आम्ही कुरकुरायचो, पण काम झटक्यात व्हायचं.

मग घशाच्या ऑपरेशनमध्ये काकूंचा आवाज गेला.

लिहिलेलं वाचून दाखवणारं एक साधन काकांनी शोधलं, त्यावर रॅपर चढवला आणि घरच्या लॅपटॉपवर बटणं मांडली. पाणी, चहा, औषध, दुखतंय.

काकूंनी त्या बटणांना हातही लावला नाही. काका पार खचले. डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे.

एक दिवस आम्हाला म्हणाले, “काल विचारलं तिला, काय पाहिजे तुला? तर पाटीवर लिहिलं, मला तुमच्याशी भांडायचंय. आता ह्याला बटण कुठून आणू?” ते हसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. आम्हाला त्यांच्याकडे बघवेना.

त्याच संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी चार बटणांखाली एक रिकामी चौकट उघडली. वाट्टेल ते टाइप करा, साधन बोलेल.

दुसऱ्या दिवशी काकांचा मोबाइल वाजला आणि त्यांनी तो स्पीकरवर टाकला. काकूंनी आपला फोन लॅपटॉपपाशी धरला असावा. यंत्राचा सपाट आवाज सगळ्या ऑफिसला ऐकू आला. “अहो, डबा ओट्यावरच राहिला. ध्यान कुठं असतं तुमचं? लई घाई झाली व्हय?”

काका उभे राहिले. “व्हय, चुकलं माझं,” म्हणाले आणि मग हळूच, “अजून बोल ना.”

काका आता निवृत्त झालेत. जाण्याआधी आपले सगळे जुने रॅपर त्यांनी एकेक करून उघडले. आज प्रत्येकात चार पर्यायांखाली एक रिकामी चौकट आहे, वाट्टेल ती आज्ञा टाइप करायला. मला ती क्वचितच लागते. पण ती काढून टाकायचं कोणी नाव काढत नाही.