कासवाची पाठवणी

चांगलं काम केल्याचा ताठा माणसाच्या चालण्यात लगेच दिसतो. त्या दिवशी भर उन्हात मी तळ्यावरून घरी आले ती अशीच, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलाय याचीही शुद्ध नाही. वाटेत दोघीतिघींनी विचारलं, तर त्यांनाही थांबून सगळं सांगितलं. आज ते आठवलं की त्या वाटेवरच कुठेतरी खड्डा पडून मी त्यात गेले असते तर बरं झालं असतं, असं वाटतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आधीचा तो उन्हाळा. लग्न होऊन मी वणीहून बाभुळगावजवळच्या एका खेड्यात नांदायला आले होते. माहेरी आम्ही निर्गुडा नदीचं पाणी पिणारे. उन्हाळ्यात नदी आटली, की कासवं पाणी शोधत कुंपणापर्यंत येत. मग आई त्यांच्या पाठीवर हळदकुंकू लावायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून खोल डोहात सोडून यायची. दारी आलेला पाहुणा तहानलेला परत जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं. मीही लहानपणापासून तिच्या मागे मागे जायची.

सासरी परसात विहीर होती. सासूबाई रोज पहाटे तिच्यात भाकरीचा कुटका टाकत. मला वाटलं, विहिरीला नैवेद्य असेल. नव्या सुनेनं किती विचारायचं!

त्या दिवशी सासूबाई बाभुळगावच्या बाजाराला गेल्या होत्या. पाणी खूप खाली गेलं होतं. मी बादली ओढली तर जड लागली, आणि वर आलं ते ताटलीएवढं कासव. पाठीची कड एका जागी फुटून खाच पडलेली. बिचारं विहिरीत पडलं, धडका खाऊन जखमी झालं, असंच मी समजले. लगेच हळदकुंकू आणलं. खाचेजवळ बोट जपून टेकवलं. ओल्या फडक्यात गुंडाळून गावाबाहेरच्या तळ्यावर नेलं आणि शिंगाड्याच्या वेलांत सोडलं. ते क्षणभर थांबलं, मग वेलाखाली गेलं. मी हातसुद्धा जोडले.

संध्याकाळी सासूबाई आल्या. पिशवी ठेवून तडक विहिरीवर गेल्या आणि वाकून हाक मारू लागल्या, "ये वं माय, ये. उपाशी असशीन." हाक त्या कासवाला आहे हे कळलं, तरी मला हसूच आलं. मी मोठ्या कौतुकानं म्हटलं, "आत्याबाई, त्याले मी तळ्यात सोडून आली. हळदकुंकू लावून सोडलं."

त्या वळल्या. हातातला कुटका तसाच होता. त्या रागावतील असं वाटलं, पण घरात जाऊन चुलीपुढे बसल्या आणि न पेटलेल्या चुलीत फुंकर घालू लागल्या.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, सुनेशी थेट बोलत नसत. काही सांगायचं असलं की बैलाकडे पाहून सांगत. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले, "विहिरीत कासव ठेवतेत आपल्याकडे. पाणी साफ राह्यते. पण हे कासव हिच्या भावानं देल्लं होतं. लग्नाच्या गाडीत, गाडग्यात घालून केळापूरहून आणलं हिनं. पुरीएवढं होतं तवा. भाऊ गेला, घर मोडलं. माहेरचं तेवढंच राह्यलं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्वतः माहेर सोडून आलेली, रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडणारी. आणि दुसऱ्या बाईचं माहेर हळदकुंकू लावून तळ्यात बुडवून आले होते, वर गावभर सांगत सुटले होते.

सकाळी मामाजी तळ्यात उतरले. कंबरभर चिखलपाण्यात वेल उपटत, हातानं चाचपत फिरत होते. काठावर माणसं जमली. कोणी विचारलं, "काय हरपलं बाप्पा?" तर ते म्हणाले, "विळा पडला." सुनेचं नाव निघू नये म्हणून म्हाताऱ्यानं खोटं सांगितलं. पण आदल्या दिवशी मीच सगळ्यांना सांगून बसले होते. बाया एकमेकींकडे पाहत होत्या, आणि मी लव्हाळ्याआड उभी होते.

उन्हं चढल्यावर ते एक कासव घेऊन आले. सासूबाईंच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "हे घे. हेच ते."

सासूबाईंनी ते उचललं. पाठीच्या कडेवरून अंगठा फिरवत नेला. जिथं खाच हवी तिथं अंगठा थांबला. मीही तिथंच पाहत होते. कड गुळगुळीत होती. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हय. हेच." मग स्वतःच्या हातानं ते विहिरीत सोडलं.

ते नवं कासव हाकेला कधी वर आलं नाही. सासूबाई मात्र रोज कुटका टाकत राहिल्या. मी पाण्याला गेले, की आपण होऊन सांगत, "आत्ताच आलतं वं. खाऊन गेलं." खाली पाण्यावर भाकरीचे तुकडे तरंगत असत.

त्या आत गेल्या, की मी बादलीनं ते तुकडे वर काढायची आणि गोठ्यामागे कोंबड्यांना टाकायची. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या विहिरीत वाकून म्हणत, "पाह्य, सारं खाल्लं त्यानं."

मी "हो आत्याबाई" म्हणायची. त्यांच्याकडे बघायची हिंमत मात्र मला झाली नाही.